सुळ्याची शीर

नववीत असताना मी आमच्या घरातली डॉक्टर होते. मला कुणी नेमलं नव्हतं. पण कुणाचं ढोपर फुटलं, बाबांच्या पाठीत उसण भरली, शेजारच्या वहिनींच्या हातावर तेल उडालं, की मी कापूस आणि आयोडीनची बाटली घेऊन हजर. हुशारी बेताची होती, आगाऊपणा भरपूर. त्या आगाऊपणापायी मी माझ्या आईच्या डोळ्यावर संकट आणलं होतं. ही गोष्ट मी इतकी वर्षं हसत हसत सांगत आलेय, कारण शेवट चांगला झाला. तसा झाला नसता तर मी ती कुणालाच सांगितली नसती.

कांजूरमार्गला पूर्वेकडे, मिठागरांच्या अंगाला आमची बैठी चाळ होती. दोन खोल्यांत आम्ही चौघं राहायचो. आई, बाबा, मी आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या. बाबा आधी परळला गिरणीत होते. गिरणी बंद पडली, पुन्हा उघडेल उघडेल म्हणत त्यांनी बरेच दिवस वाट पाहिली, आणि शेवटी घाटकोपरला एका गोदामावर पहारेकरी म्हणून लागले. ती नोकरी कधी असायची, कधी नसायची. घर चालायचं ते आईवर.

आई अंधेरीला एका कारखान्यात होती. रोज पवईवरून जाणारी बस पकडायची. तिथे पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका रांगेने बसून भिंगाखाली केसाहून बारीक तारा जोडायच्या. त्या कामाला शिक्षण लागत नव्हतं, डोळे लागत होते. दरवर्षी गणपती झाले की कंपनीचा डॉक्टर येऊन सगळ्यांचे डोळे तपासायचा. जिला तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली नाही, तिची रवानगी पॅकिंगला. आणि पॅकिंगच्या बायका कायम नव्हत्या, काम कमी झालं की त्यांना घरी बसवायचे. आईबरोबर लागलेल्या दोघी अशाच गेल्या होत्या. त्यामुळे आई डोळ्यांना फार जपायची. कामावरून आल्याबरोबर डोळ्यांवर गार पाण्याचे हबके मारायची, आणि दिवे लागल्यावर तांदूळ निवडायला बसायची नाही. "तू निवड गं, माझे डोळे उद्याला लागतात," असं ती म्हणायची. मला त्याचा राग यायचा. चौदा वर्षांच्या मुलीला दुसऱ्याच्या डोळ्यांची काय पडलेली असते!

एवढी जपणारी बाई दातांच्या बाबतीत मात्र बेफिकीर होती. तिला भाजलेल्या चिंचोक्यांचं वेड होतं. बसमध्ये चघळायला म्हणून पिशवीत पुडी असायचीच. एक चिंचोका फोडताना तिच्या वरच्या उजव्या सुळ्याचा टवका उडाला. तिने तो टवका बाहेर काढून पाहिला, खिडकीतून फेकला आणि पुढचा चिंचोका तोंडात टाकला. हे तिनेच घरी येऊन हसत सांगितलं. पुढे त्या सुळ्याला हळूहळू भोक पडलं, गार पाणी लागायला लागलं, तरी तिने लक्ष दिलं नाही.

आता आत्याबद्दल सांगितलंच पाहिजे. आत्या विधवा, मूलबाळ नाही, आयुष्य सगळं सावंतवाडीकडच्या गावात गेलेलं. तिच्या उजव्या डोळ्याने तिला काही दिसत नव्हतं आणि डावाही मंद होत चालला होता, म्हणून बाबा तिला गावाहून घेऊन आले. ती घरात आल्यापासून चूल तिच्या ताब्यात होती. बोटांनी चाचपून मिठाचा अंदाज घ्यायची आणि तो कधी चुकायचा नाही. डोळा कसा गेला हे ती येईल-जाईल त्याला सांगायची. गावात वरचा सुळा दुखत होता, एका माणसाने पकडीने ओढून काढला, आणि सहा महिन्यांत त्याच बाजूच्या डोळ्यावर पडदा आला. चाळीतल्या सगळ्या बायकांना ही हकीकत पाठ होती. "वरच्या सुळ्याची शीर डोळ्याक जाता," ती बोटाने गालावरून रेघ ओढून दाखवायची. "दात काढलो की शीर तुटली. शीर तुटली की डोळो गेलो. माझा काय झाला तां बघतस ना?"

बघत होतोच. रोज समोर बसलेलं बघत होतो. त्याहून मोठा पुरावा कुठला हवा होता?

मार्चमधला सोमवार. आई कामावरून आली तीच गालाला पदर लावून. दुपारपासून सुळा ठणकायला लागला होता. आत्याने लगेच लवंग ठेचून भोकात दाबली. तास-दीड तास बरं वाटलं, मग पुन्हा सुरू. मंगळवारी ती तशीच कामाला गेली आणि दुपारीच परत आली, हे तिच्या बाबतीत कधी झालेलं नव्हतं. मग चाळ धावून आली. एकीने अक्कलकाढ्याच्या मुळीचा तुकडा दिला, त्याने जीभ बधिर झाली, दात नाही. एकीने पेरूच्या पाल्याचा काढा आणला. समोरच्या काकांनी कापूर आणून दिला आणि तो दाताखाली कसा धरायचा हे स्वतःच्या तोंडात धरून दाखवलं, मग थुंकायला मोरीकडे पळाले. आई तेवढ्या दुखण्यातही हसली.

बाबा म्हणाले, "दाताच्या डॉक्टरकडे जाऊ. काढून टाक एकदाचा."

"नको," आई म्हणाली. "सुळा आहे."

बस्स. एवढ्या दोन शब्दांत विषय मिटला. आत्या चुलीशी होती, तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. कामगारांच्या दवाखान्यात जायलाही आई तयार नव्हती, कारण तिथली चिठ्ठी कंपनीत जायची, आणि चिठ्ठीवर दात लिहिलेला दिसला की सगळ्या जणी डोळ्याचं विचारतील अशी तिला भीती, कारण आत्याची हकीकत तिने तिथेही सांगितलेली होती. कंपनीत तिने ताप आल्याचं कळवलं.

इथे माझी एन्ट्री झाली. मी विचार केला की डोकेदुखीची गोळी गिळली तर ती आधी पोटात जाणार, तिथून रक्तात, आणि मग एवढा वळसा घालून दातापर्यंत येणार. त्यापेक्षा थेट दाताशी ठेवलेली काय वाईट? मी दोन गोळ्यांची पूड केली आणि आईच्या हिरडीवर बोटाने लिंपली. "जळजळतंय गं," ती म्हणाली. "जळजळतंय म्हणजे लागू पडतंय," मी म्हणाले. थोड्या वेळाने पाहिलं तर हिरडी तिथे पांढरीफटक पडली होती, उकडलेल्या अंड्यासारखी. मी ते कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी गाल सुजायला लागला. सूज म्हटलं की शेक, हे तर कुणालाही कळतं. आमच्याकडे मिठागरातलं जाडं मीठ डबाभर असायचं. मी ते तव्यावर चांगलं तडतडेपर्यंत भाजलं, बाबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलं आणि आईच्या गालाला शेकायला सुरुवात केली. शेकताना तिला बरं वाटायचं. डोळे मिटून म्हणायची, "हाताला गुण आहे हो तुझ्या." मी फुशारून गेले. पोटली गार झाली की पुन्हा तव्यावर, पुन्हा गालावर. निजायच्या वेळेपर्यंत माझं हेच चाललं होतं.

बुधवारी सकाळी आई डाव्या कुशीवर, डावा डोळा उशीत रुतलेला, अशी जागी झाली आणि म्हणाली, "दिवा का घालवलाय?"

सात वाजले होते, दारातून लख्ख ऊन आत आलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. उजव्या बाजूचा अख्खा चेहरा ओळखू येत नव्हता. वरचा ओठ पुढे आलेला, नाकाची बाजू फुगलेली, गाल तुकतुकीत लाल, आणि उजवा डोळा नव्हताच. पापण्या दोन फुगलेल्या उश्यांसारख्या एकमेकींवर चिकटल्या होत्या. तिने हात वर नेला, चाचपलं, आणि तिला कळलं. ती ओरडली नाही. उठून नुसती बसली, हात डोळ्यावर धरून. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "दात तर मी काढला नाही."

आत्याही उठून आली होती. तिला दिसत नव्हतं, म्हणून तिने आईचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. डोळ्यापाशी हात पोचला तशी ती झटका बसल्यासारखी मागे झाली. देवाचं नाव घेत भिंतीशी जाऊन बसली.

शेजारच्या वहिनींनी सुचवलं की मुलुंडला पश्चिमेला दातांची एक नवीन डॉक्टरीण बसते, त्यांच्या दिराला तिचा गुण आला. बाबांनी रिक्षा आणली. मी शाळा बुडवून निघाले, कारण चूक माझी आहे असं मला आतून वाटायला लागलं होतं, नक्की कुठली ते कळत नव्हतं. आणि आत्या कुणाला न विचारता चपला घालून आधीच रिक्षात बसली होती. तिला खाली उतर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

डॉक्टरीण असेल सव्वीस-सत्तावीसची. एकच खोली, मध्ये पडदा, पडद्यामागे खुर्ची. आईचा चेहरा पाहिल्याबरोबर तिने बाकीच्यांना थांबायला सांगून आईला आधी आत घेतलं. पाठोपाठ आत्या पडदा सारून आत घुसली, तिच्यामागून मी. "डाक्तरनी, दात काढूचो नाय हां. आधीच सांगतंय."

"मावशी, बसा तिकडे. आज नाहीच काढत," डॉक्टरीण म्हणाली. तिने आईच्या तोंडात दिवा धरला आणि थोड्या वेळाने मान वर केली. "ही हिरडी कशाने भाजलीय?"

मी पुढे झाले. गोळीची पूड सांगितली.

"आणि बाहेरून शेक दिला?"

"हो. मिठाचा. रात्री झोपेपर्यंत."

"वाट लावलीस ना गं!" ती म्हणाली. रागावून नाही, पण गुळमुळीतही नाही. "गोळी गिळायची असते, चिकटवायची नसते. आणि दाताच्या मुळाशी पू झाला असेल ना, तर बाहेरून गरम शेक म्हणजे त्याला गालाकडे ये म्हणून बोलावणं. पाण्याची गार पट्टी ठेवायची. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भरायच्या, म्हणजे आतल्या आत फुटून वाहून जातो. उशी उंच घ्यायची. आणि सूज दिसली की त्याच दिवशी माझ्याकडे यायचं, तीन दिवसांनी नाही. समजलं?"

मान हलवताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आईने खुर्चीतून हात लांब करून माझं मनगट धरलं. तिला बोलता येत नव्हतं, पण ती मनगट दाबत राहिली.

मग डॉक्टरणीने दोन बोटांनी आईच्या सुजलेल्या पापण्या अगदी हळू वेगळ्या केल्या. "ताई, डावा डोळा हाताने झाका. दिसतंय का काही? माझी किती बोटं?"

मी खुर्चीजवळ सरकले. आत्याही पुढे सरकली होती.

"दोन," आई जड ओठांनी म्हणाली. "तुमच्या अंगठीतला एक खडा पडलाय."

डॉक्टरणीने अंगठी दिव्याखाली धरली. खरंच एक बारीक खडा गळून गेला होता. त्याचा तिलाच पत्ता नव्हता. ती खळखळून हसली, आणि इतका वेळ दारात हाताची घडी घालून उभे असलेले बाबा एकदम खाली बाकड्यावर बसले.

तिने आतून हिरडीला लहानशी चीर दिली. जे बाहेर आलं त्याचं वर्णन करत नाही. आईच्या तोंडून मात्र हुश्श असा आवाज निघाला, जणू कुणी छातीवरचं ओझं उचललं. औषधं लिहून दिली, उद्या सकाळपर्यंत सूज उतरली नाही किंवा थंडी वाजून ताप आला तर सरळ मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं, माझीसुद्धा वाट बघायची नाही, असं बाबांना दोनदा सांगितलं. आणि जाताना म्हणाली, "सोमवारी या. दात काढायचा. तो ठेवलात तर हे पुन्हा होणार, आणि पुढच्या वेळी सूज डोळ्याच्या आत शिरणार नाही याची खात्री मी देत नाही. डोळ्याला धोका आहे तो या पुवापासून. दात काढण्याने डोळ्याला काही होत नाही."

रिक्षात आत्या म्हणाली, "कालची पोर ती."

गुरुवारी दुपारी आईचा डोळा फटीएवढा उघडला, शुक्रवारी निम्मा, रविवारी पूर्ण. ठणका तर बुधवारीच गेला होता. आणि खरा पेच तिथेच सुरू झाला. दुखत नाही, दिसतंय नीट, मग काढायचा कशाला? आत्या हेच घोकत होती. "डोळो देवान परत दिल्यान, आता परत त्येची परीक्षा कित्याक?" आणि आईही डळमळली होती. शनिवारी मी तिला आरशासमोर पाहिलं. ओठ वर करून सुळा बघत होती. मग एक डोळा हाताने झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती, मग दुसरा झाकून. मी आल्याचं कळल्यावर तिने पटकन केस सारखे केले.

"आई, तू जाणार आहेस ना सोमवारी?"

"बघू गं," ती म्हणाली. "वन्संचं समोर दिसतंय. उद्या माझं तसं झालं तर तुम्ही खाणार काय? तुझे बाबा एवढे खचलेत." मग थोडं थांबून, "मला भीती वाटते."

आईला भीती वाटते हे वाक्य मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. एरवी सगळ्यांना औषध सांगणारी मी, तिच्याशेजारी नुसती उभी राहिले.

रविवारी जेवताना तिने स्वतःच विषय काढला. "वन्सं, एक विचारू? रागावू नका. तुम्ही म्हणता दात काढला की डोळा जातो."

"म्हणतंय नाय, झाला तसा."

"पण माझा डोळा बंद झाला तेव्हा दात माझ्या तोंडातच होता ना?"

आत्याचा घास हातातच राहिला. बाबा माझ्याकडे बघायला लागले. आई पुढे म्हणाली, "मी दात राखला तो डोळ्यासाठी. आणि डोळा मिटला तो दात राखल्यामुळे. तीन दिवस मी ह्याच्यावर विचार करतेय. मला ती मुलगी खोटं बोलली असं वाटत नाही. उद्या जाते मी."

तिने हे अगदी शांतपणे सांगितलं आणि आमटी वाढून घेतली. सातवी शिकलेली माझी आई. विज्ञानात पहिली येणाऱ्या मला जे सुचलं नव्हतं ते तिला सुचलं. त्या क्षणी मला तिचा जो अभिमान वाटला तो मी तिला सांगितला नाही, कारण आमच्याकडे असलं काही बोलून दाखवायची पद्धत नव्हती. आज सांगतेय, ती ऐकायला नाही.

सोमवारी सुळा निघाला. टोचलं तेवढंच, बाकी काही कळलं नाही, आई म्हणाली. आत्या आली नव्हती. घरी पोचलो तर तिने पेज करून ठेवली होती, पण बोलली नाही. दोन दिवसांनी बोलली ते एवढंच, "सा म्हयने जांवदेत. मगे बघूया."

ते सहा महिने मी विसरणार नाही. आत्याने आईची रोज परीक्षा घेतली. आई दारात पाऊल ठेवते न ठेवते तोच चुलीकडून प्रश्न यायचा, "संकष्टी कधी आसा गो?" म्हणजे आईने भिंतीवरच्या कॅलेंडरमधलं बारीक अक्षर वाचायचं. आधी आई जवळ जाऊन वाचायची. मग उंबऱ्यावरून. मग इरेला पेटून अंगणातून, चपला न काढता. कधी कधी मी मुद्दाम मध्ये उभी राहायचे आणि आई ओरडायची, "सरक गं, माझा पेपर चाललाय!" बाबाही खुलले. संध्याकाळी घरी असले की तेच आत्याला आठवण करायचे, "अक्का, आज परीक्षा नाय?" मी तर आत्याशी रीतसर भांडायचे. शास्त्राच्या पुस्तकातलं डोळ्याचं चित्र काढून तिला शिरा समजावून सांगायचे. तिला चित्र दिसत नव्हतं हे माझ्या ध्यानातही यायचं नाही. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुझ्या पुस्तकाक माझो डोळो ठाव नाय."

पण आई मनातून निर्धास्त नव्हती. बसमधून उतरल्यावर दुकानांच्या पाट्या एकेका डोळ्याने वाचत यायची, हे मी एकदा तिच्या मागून चालताना पाहिलं. मी तिला गाठलं नाही, मागूनच चालत राहिले.

गणपती आले, गेले. दात काढून सहा महिने होऊन वर काही दिवस झाले होते. त्या दिवशी कंपनीत डोळ्यांची तपासणी होती. आईने सकाळी डबासुद्धा नेला नाही, घशाखाली उतरणार नाही म्हणाली. मी शाळेतून आले तेव्हापासून दारात बसून होते. आत्या माझ्या मागे जमिनीवर बसली होती. तीही सकाळपासून काही खात नव्हती, फक्त ते कबूल करत नव्हती.

आई गल्लीच्या तोंडाशी दिसली तेव्हाच मला कळलं. ती भरभर येत होती. दारात आली, चपला काढल्या आणि आत्यासमोर खाली बसली. "वन्सं, शेवटची ओळ वाचली. दोन्ही डोळ्यांनी. डॉक्टर म्हणाला, भिंगाखाली काम करणाऱ्या बायकांत इतके चांगले डोळे त्याने कमी पाहिलेत."

मी टाळ्या पिटल्या. मी म्हणाले, "बघ आत्या! बघ! सांगत होते ना मी!" आणखी कायकाय म्हणाले असेन. सहा महिन्यांचं भांडण मी जिंकले होते.

आत्या हसली नाही, रागावलीही नाही. तिने हात पुढे करून आईचा चेहरा चाचपला, उजव्या डोळ्यावरून बोट फिरवलं. मग तिने आपला हात आपल्या डोळ्यापाशी नेला.

"मग माझो डोळो कशान गेलो गो?" तिने विचारलं.

आई माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे. सहा महिने आम्ही तिला खोटं पाडायला झटत होतो. तिच्या बुबुळात ती पांढरी ठिकरी रोज आम्हाला दिसत होती. आणि तिचा डोळा डॉक्टरला दाखवावा हे मला, आईला, बाबांना, कुणालाही एकदासुद्धा सुचलं नव्हतं. दातामुळे गेला म्हटल्यावर तो विषयच संपला होता. तिच्यासाठीही आणि खरं तर आमच्यासाठीही. मला माझी इतकी लाज कधी वाटली नाही, शेक दिला तेव्हासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी आईने रजा टाकली आणि आम्ही आत्याला सरकारी इस्पितळात डोळ्यांच्या विभागात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरला दोन मिनिटंही लागली नाहीत. मोतीबिंदू. उजवा पार पिकलेला, डावा पिकत चाललेला. वयाने होतो, ऑपरेशनने निघतो. "इतकी वर्षं कुठे होतात आजी?" त्याने विचारलं. आत्या म्हणाली, "दात काढलेलो, म्हणान बसलंय घरात." त्याला काही कळलं नाही.

दिवाळीच्या आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली, जखम भरली, आणि महिना-दीड महिन्याने तिचा जाड भिंगांचा चष्मा बाबांनी आणला. रविवार होता, सकाळची वेळ. बाबांनी तिच्या कानांवर काड्या नीट बसवल्या. आत्या थोडा वेळ आपल्याच हातांकडे उलटसुलट बघत राहिली. मग मान वर करून तिने मला पाहिलं, म्हणाली, "नाकावर गेलंस बापाच्या." आणि मग ती आईकडे वळली.

घरात आली तेव्हापासून तिने आईला फक्त आवाजाने आणि हातांनी ओळखलं होतं. तिने आईला हनुवटीला धरून दाराच्या उजेडात नेलं. "तोंड उघड बघया," ती म्हणाली. आईने लहान मुलीसारखा आ केला. आत्याने वाकून, चष्मा सावरत, सुळ्याच्या रिकाम्या जागेकडे नीट निरखून पाहिलं. तिथली हिरडी भरून गुलाबी झाली होती.

"बरो काढल्यान पोरीन," ती म्हणाली. मग तिचा आवाज फुटला. "माझ्यापायी तीन दिवस सोसलंस गो तू."

आईला काहीतरी बोलायचं होतं, पण आत्याने तिची हनुवटी सोडली नव्हती, आणि तशीच, तोंड उघडं ठेवून, माझी आई रडायला लागली.